रोबो खंडेनवमीपुरता नको, लॅबचं कुलूप काढा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी चोपडा तालुक्यातली, रोबोटिक्समध्ये एम.टेक करतेय, दुसरं वर्ष चालू आहे आणि दिवाळीला घरी आलेय. तुमचा पेपर आमच्याकडे वर्षानुवर्षं येतो, आप्पा आधी केळीचे भाव बघतात मग बाकीचं, पण मी पत्र लिहायची ही पहिलीच वेळ. लिहायचं कारण एक फोटो. माझा मावसभाऊ इकडेच एका इंजिनीअरिंग कॉलेजला शेवटच्या वर्षाला आहे, त्याने खंडेनवमीच्या दिवशी मला फोटो पाठवला, त्यात एक सहा जॉइंटचा रोबोटिक आर्म म्हणजे यांत्रिक हात, त्याच्या मनगटाला झेंडूचा हार, कंट्रोलरवर हळदीकुंकू, पुढे नारळ फोडलेला, आणि मागच्या टेबलावर घडी करून ठेवलेलं निळं प्लास्टिकचं कव्हर. खाली त्याने लिहिलं होतं, ताई आज पहिल्यांदा बघितला, पूजा झाली की परत कव्हर घातलं.

तो फोटो बघून मला रात्री झोप लागली नाही हो. कारण माझ्या कॉलेजात पण हेच होतं. कॉलेज वेगळं, पण आर्म तसाच, कव्हर तसंच, आणि दरवाजाला कुलूप. चार वर्षांत मी तो आर्म हलताना एकदाच पाहिला, तपासणीची कमिटी आली होती त्या दिवशी, तेही दारातून, पाहुण्यांच्या मागे उभं राहून. त्याने एक ठोकळा उचलला आणि दुसरीकडे ठेवला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, झालं. जर्नलमध्ये मात्र आम्ही सगळ्यांनी त्या आर्मचे प्रयोग लिहिले, आकृत्या काढल्या, रीडिंग्ज सिनिअरच्या जर्नलवरून उतरवली आणि सह्या पण मिळाल्या.

मला कोणाला नावं ठेवायची नाहीत, म्हणून कॉलेजचं नाव मी लिहीत नाही आणि लिहिणारही नाही. आमचे लॅबवाले सर मनाने खूप चांगले होते. एकदा मी हट्ट केला तेव्हा त्यांनी कपाटातून डेड स्टॉक रजिस्टर, म्हणजे लॅबच्या सामानाची नोंदवही, काढून माझ्यासमोर ठेवलं आणि त्यातली एक ओळ बोटाने दाखवली. मशीनचं नाव, किंमत, आणि पुढे त्यांची सही. म्हणाले, बेटा हे माझ्या नावावर आहे, तुझ्या हातून एक मोटर गेली तर चौकशी माझी होणार, रिपेरिंगला पैसे मंजूर व्हायला वर्ष जाणार, तोवर मशीन बंद का म्हणून मलाच विचारणार. आता त्या माणसाने काय करावं तुम्हीच सांगा, कव्हर घालून ठेवणं हेच त्याच्या हातात होतं. म्हणजे ज्याच्या नावावर मशीन आहे त्याला ते न वापरण्यातच सेफ वाटतं, असा हा सगळा कारभार, आणि जी मुलं शिकायला आलीत ती दाराच्या बाहेर.

याची किंमत काय मोजावी लागते ते मी स्वतः मोजलंय. बी.ई. झाल्यावर दोन वर्षं चाकणला नोकरी केली, मग एम.टेकच्या प्रवेशाची गेट परीक्षा दिली, चांगला स्कोअर आला, एम.टेकला नंबर लागला. पहिल्याच आठवड्यात लॅबमध्ये कारखान्यात असतो तसला मोठा आर्म आमच्या हातात दिला आणि सरांनी मला सांगितलं की याला होम पोझिशनला, म्हणजे त्याच्या ठरलेल्या मूळ जागी, ने. गेटला गणितात मला चांगले मार्क होते, त्या आर्मची समीकरणं मी कागदावर मांडू शकत होते, पण पेंडंट कसा धरायचा ते माहीत नव्हतं. पेंडंट म्हणजे आर्म हाताने चालवायचा जाडजूड रिमोट समजा. त्याच्या मागच्या बाजूला एक बटण असतं, ते हलकं दाबून धरलं तरच आर्म चालतो, सोडलं की थांबतो, आणि घट्ट दाबलं तरीही थांबतो. मी घाबरून एवढं आवळून धरलं होतं की आर्म हलेचना, आणि मला वाटलं मी तो बिघडवला. माझ्या तोंडावरचा रंगच उडाला. सर शांतपणे म्हणाले, अगं ते मुद्दाम तसं बनवलंय, माणूस घाबरला की एकतर हातातलं सोडून देतो नाहीतर गच्च धरतो, दोन्ही वेळेला मशीन थांबायला पाहिजे. किती विचार केलाय बघा बनवणाऱ्याने. आणि ही गोष्ट मला पुस्तकातून कधी कळलीच नसती. बरोबरची मुलं, ज्यांच्या कॉलेजात लॅब उघडी होती, ती पहिल्या दिवशी आर्म चालवत होती, मला तिथपर्यंत यायला जवळजवळ अख्खं सेमिस्टर लागलं, ते पण रोज रात्री दहापर्यंत लॅबमध्ये बसून.

आता गावात सगळे विचारतात, रोबोटिक्सचं एम.टेक म्हणजे नक्की काय, कोडिंगच ना? मावसभावाच्या मित्रांचे पण मला हेच मेसेज येतात, म्हणून थोडं सविस्तर लिहिते, तुमच्या पेपरातून जास्त मुलांपर्यंत जाईल. गेटला रोबोटिक्सचा वेगळा पेपर नसतो. मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, इलेक्ट्रॉनिक्स, इन्स्ट्रुमेंटेशन, कॉम्प्युटर यापैकी आपल्या ब्रँचचा द्यायचा, आणि २०२४ पासून डेटा सायन्स आणि एआयचा पेपर सुरू झालाय तो पण चालतो काही ठिकाणी, प्रत्येक संस्थेचं बघून घ्यावं. स्कोअर तीन वर्षं चालतो, म्हणजे एका वर्षी घरून परवानगी नाही मिळाली तर पुढच्या वर्षी तोच वापरता येतो, मुलींनी हे विशेष लक्षात ठेवा. गेटमधून गेलं की महिना १२,४०० रुपये स्टायपेंड मिळतो, घरी मागायला लागत नाही. बंगळुरूच्या आयआयएस्सीत रोबोटिक्स आणि ऑटोनॉमस सिस्टिम्स याच नावाचा एम.टेक आहे, आयआयटी मुंबईत सिस्टिम्स अँड कंट्रोल आहे, हैदराबादच्या ट्रिपल आयटीत रोबोटिक्सचं मोठं रिसर्च सेंटर आहे. आणि विषय म्हणाल तर कोडिंग त्यातला एक भाग झाला, बाकी गणित, त्यातही लिनिअर अल्जेब्रा आणि प्रोबॅबिलिटी पक्की पाहिजे, मग आर्म कसा वळतो त्याची भूमिती, मोटरचं कंट्रोल, कॅमेऱ्यातून बघणं, रस्ता ठरवणं, आणि मशीन लर्निंग.

यातला एक विषय मला आमच्या ओट्यावरच समजला असं म्हटलं तरी चालेल. कालमन फिल्टर म्हणून एक गणित आहे, रुडॉल्फ कालमन यांनी १९६० ला मांडलेलं, रोबो नेमका कुठे उभा आहे याचा अंदाज लावायला आज सगळीकडे वापरतात. वर्गात मला ते नीट उमजेना. मग सुट्टीत घरी आले तर आप्पांचं केळी कापायचं चाललं होतं, रावेरचा भाव एक, बऱ्हाणपूरचा दुसरा, आणि व्यापारी फोनवर सांगतोय तिसराच. आप्पा काय करतात, तिघांचं ऐकतात पण तिघांवर सारखा भरोसा ठेवत नाहीत, मागच्या वेळी कोण किती चुकला ते त्यांच्या डोक्यात असतं, त्या हिशोबाने ते मनात एक आकडा धरतात, आणि संध्याकाळी खरा भाव कळला की कोणावर किती भरोसा ठेवायचा ते परत थोडं बदलतात. कालमन फिल्टर साधारण असंच करतो. चाकाचा सेन्सर सांगतो गाडी दहा मीटर गेली, कॅमेरा सांगतो आठ, मग कोण किती चुकतो त्याप्रमाणे मधला आकडा धरायचा. त्या रात्री मी वही काढून समीकरणं परत सोडवली आणि सुटली. आप्पांना सांगितलं तर ते म्हणे, मग एवढं शिकायला तिकडे कशाला गेली.

माझ्या थिसिसचा विषय केळीवरचाच आहे. केळीवर हरण्या येतो म्हणजे काय ते आपल्याकडे कोणाला सांगायला नको, नव्या पानावर पिवळे पट्टे येतात, पुढे पोंगा सडतो, व्हायरस आहे, मावा कीड पसरवते, औषध नाही, झाड उपटून लांब नेऊन नष्ट करायचं एवढंच. जेवढं लवकर दिसेल तेवढी बाकीची बाग वाचते. म्हणून एक छोटी चार चाकी गाडी, दोन ओळींच्या मधून चालणारी, कॅमेऱ्याने पानं बघत जाणारी आणि संशयित झाडाचा नंबर फोनवर देणारी, असं काहीतरी बनवायचा माझा प्रयत्न आहे. जुलै-ऑगस्टमध्ये मी ती आमच्या मृगबागेत आणली होती. आजी ओट्यावरून बघत होती, ती अहिराणीतच बोलते, म्हणे, हाई गाडी एकलीच चालस का वं बेटा? मी म्हटलं हो आजी, आणि बरोब्बर तिसऱ्या झाडाजवळ पुढचं चाक ठिबकच्या नळीवर चढलं, नळी चाकात गुंडाळली गेली, मोटर फिरायला बघतेय, चाक अडकलेलं, आणि मोटर ड्रायव्हर म्हणजे मोटरला करंट देणारा जो पार्ट, त्यातून धूर. वास अजून नाकात आहे. दोनशे-तीनशे रुपयांचा पार्ट, पण तो पार्ट जळाला म्हणून मला कळलं की करंट वाढला की मोटर आपोआप बंद झाली पाहिजे, आणि ते मी दुसऱ्या दिवशी बसवलं. नंतर पाऊस झाला, काळ्या मातीत चाकं जागच्या जागी फिरायला लागली, सेन्सर सांगतोय गाडी पुढे चाललीय आणि गाडी तर तिथंच रुतलेली. पानांच्या खाली जीपीएस दोन-चार मीटर इकडेतिकडे उड्या मारतं, आणि आपली लागवड पाच बाय पाच फुटांवर, म्हणजे गाडी नेमक्या कोणत्या ओळीत आहे हेच कळेना.

हे सगळं कॉम्प्युटरवरच्या सिम्युलेटरमध्ये होत नाही, तिथे जमीन सपाट, नळी नाही, चिखल नाही. सिम्युलेटर फुकट मिळतो, रॉस नावाचं रोबोचं सॉफ्टवेअर २००७ पासून आहे ते पण फुकट (नवीन शिकणाऱ्यांनी सरळ रॉस-२ च शिकावं, रॉस-१ च्या शेवटच्या नोएटिक आवृत्तीचा सपोर्ट मे २०२५ ला संपला आणि यूट्यूबवरचे बरेच व्हिडिओ जुन्याचेच आहेत). एनपीटीईएलवर आयआयटीच्या सरांची लेक्चर्स फुकट, मी गेटचा अर्धा अभ्यास चोपड्याच्या घरी बसून त्यावरच केला. म्हणजे थिअरी आता खेड्यात पण पोचलीय, पुस्तकाचं कारण कोणी सांगू नये. आपल्याकडच्या मुलांकडे नाहीये ती फक्त हात लावायला मशीन, आणि ती पण आहे हो, कुलपात आहे, हेच तर माझं दुखणं आहे.

अजून एक गोष्ट सांगते ती फार महत्त्वाची आहे. पानांचे फोटो बघून रोग ओळखायचा कॉम्प्युटर शिकवायला फोटोंचे मोठे संच लागतात. प्लांट व्हिलेज नावाचा एक जगप्रसिद्ध संच आहे, त्यावर २०१६ ला एक रिसर्च पेपर आला, ५४,३०६ फोटो, १४ पिकं, आणि निकाल ९९.३५ टक्के बरोबर. आकडा ऐकून वाटतं आता काय राहिलं. पण त्याच लोकांनी त्याच पेपरात प्रामाणिकपणे लिहिलंय की वेगळ्या परिस्थितीत काढलेले, इंटरनेटवरून गोळा केलेले फोटो दिले तर तेच मॉडेल ३१ टक्क्यांच्या आसपास आलं. कारण संचातले फोटो म्हणजे एकेक पान तोडून साध्या कागदावर ठेवून काढलेले, आणि शेतात पानावर धूळ असते, फवारणीचे डाग असतात, एका पानाची सावली दुसऱ्यावर असते. आता ती १४ पिकं कोणती ते बघा, सफरचंद आहे, ब्लूबेरी आहे, चेरी आहे, द्राक्ष, टोमॅटो, बटाटा, मका आहे. केळी नाही. कापूस नाही. म्हणजे खान्देशात जी दोन पिकं घराघराचं पोट भरतात त्यांचं एकही पान त्यात नाही. ते फोटो अमेरिकेतलं कोणी येऊन काढणार नाही, ते रावेर-यावल-चोपड्याच्या मुलांनीच काढायचेत, ज्यांना करपा कोणता, हरण्या कोणता, आणि नुसता उन्हाने पिवळा पडलेला कोणता ते लांबून कळतं. माझे साडेतीनशे फोटो आप्पांनी स्वतः बघून वेगळे केलेत, मी तीन ठिकाणी चुकले होते ते त्यांनी पकडलं, आणि माझ्या गाईड सरांनी सांगितलं की थिसिसमधलं सगळ्यात मोलाचं काम तेच.

कारखान्यातला पहिला रोबो १९६१ ला अमेरिकेत जनरल मोटर्सकडे लागला, त्याला साठ वर्षं उलटून गेली. तिथे ते जमलं कारण पार्ट दरवेळी त्याच जागी, त्याच मापाचा येतो. केळीचा घड तसा नसतो, प्रत्येक झाडाचा वेगळा, वाऱ्यात हलणारा, आणि जरा जोरात पकडला तर डाग लगेच दिसत नाही, दोन दिवसांनी काळा पडतो आणि व्यापारी माल नाकारतो. कितीही हुशार मशीनला हे अजून नीट जमलेलं नाही. म्हणून मी म्हणते पुढचं काम आपल्या दारात आहे, आणि ते करायला मजूर मिळत नाहीत अशी ओरड तर आपण सगळे रोजच ऐकतो.

माझं मागणं मोठं नाही. नवीन इमारत नको, नवीन मशीन पण आत्ता नको. आहे त्या लॅबचं कुलूप आठवड्यातून दोन दिवस, समजा शनिवारी पूर्ण दिवस आणि बुधवारी संध्याकाळी, काढा. फक्त आपल्या कॉलेजच्या मुलांसाठी नाही, जवळच्या पॉलिटेक्निक आणि आयटीआयच्या मुलांसाठी पण, आयटीआयच्या पोरांचा हात आमच्यापेक्षा चांगला असतो. आपल्याकडची काही कॉलेजं जळगावच्या बहिणाबाई चौधरी विद्यापीठाला जोडलेली आहेत, काही लोणेरेच्या विद्यापीठाला, म्हणून एकाच्या मुलाला दुसऱ्याच्या लॅबमध्ये जायला पत्रापत्री लागते, ती दोन्ही विद्यापीठांनी मिळून सोपी करावी. आणि सगळ्यात आधी त्या डेड स्टॉक रजिस्टरचं काहीतरी करा. शिकताना जळालेला पार्ट हा लॅबवाल्या सरांचा गुन्हा धरू नका, केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये ॲसिड संपतं तेव्हा कोणी चौकशी लावत नाही, मोटर ड्रायव्हर पण तसाच खर्चात धरा, दर वर्षी लॅबच्या बजेटमध्ये मोडतोडीसाठी वेगळी रक्कम लिहून ठेवा. तंत्रशिक्षण संचालनालयाने असा एक कागद काढला तर कितीतरी कव्हरं निघतील. आयआयटी मुंबईचा ई-यंत्र उपक्रम कॉलेजांना रोबोटिक्सची लॅब लावायला आणि शिक्षकांना शिकवायला मदत करतो, २०१२ पासून त्यांची स्पर्धा चालू आहे, ज्यांना चालवायचं कसं हा प्रश्न आहे त्यांनी तिकडे विचारावं.

पालकांना पण एक विनंती, विशेष करून मुलींच्या. बी.ई. झाली, आता अजून दोन वर्षं कशाला, लग्नाचं बघू, हे माझ्या घरात पण झालं. आईने तेव्हा एकच सांगितलं की पोरगी रात्री दहाला लॅबमधून हॉस्टेलला कशी जाते ते मी जाऊन बघते मग ठरवू. ती खरंच आली, चार दिवस माझ्याबरोबर राहिली, लॅबमध्ये खुर्ची टाकून बसली, आर्म हलताना बघितला, पेंडंट हातात घेऊन ते बटण दाबून पण बघितलं. त्यानंतर घरात तो विषय निघाला नाही.

मी देवदिवाळीपर्यंत घरी आहे, आणि पुढे मे महिन्यात परत येईन. जळगाव, धुळे, नंदुरबार, आपल्या तिन्ही जिल्ह्यांतलं कोणतंही कॉलेज कव्हर काढायला तयार असेल तर मी स्वतःच्या खर्चाने एसटीने येते, आर्म बरीच वर्षं बंद असेल तर आधी त्याची बॅकअप बॅटरी तपासावी लागते, ती उतरली असेल तर जॉइंटची शून्य जागा हरवते आणि परत कॅलिब्रेशन करावं लागतं, ते मी करून देईन, मुलांना पेंडंट धरायला शिकवेन, एक पैसा नको. माझा पत्ता आणि फोन मी या पत्रासोबत वेगळ्या कागदावर दिलाय, तो छापू नये, पण कोणी विचारलं तर तुमच्या ऑफिसमधून द्यावा. मावसभावाच्या कॉलेजात मी पुढच्या सोमवारी जाऊन प्राचार्यांना भेटणारच आहे, तो पण बरोबर येतोय.

आपली,
एक वाचक,
ता. चोपडा, जि. जळगाव